अनिशिनाबे हिवाळी कथन व बालशिक्षण

उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांच्या परिसरातील अनिशिनाबे (ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी व संबंधित) समाजांत पवित्र कथा फक्त हिवाळ्यात सांगण्याचा प्रघात आहे. कॅनडातील ऑन्टारिओ आणि अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या भागांत त्याच्या आधारे लहान मुलांना प्राण्यांची, जमिनीची आणि माणसांची हिवाळी विश्रांती शिकवता येते.

अनिशिनाबे भाषेत कथनाचे दोन प्रकार वेगळे मानतात. ‘दिबाजिमोविन’ म्हणजे घडलेली हकीकत, बातमी, आठवण. ती केव्हाही सांगावी. ‘आदिझूकान’ म्हणजे नानाबोझो (या कथांतला खोडकर आद्य नायक) व इतर आद्य जीवांची कथा. व्याकरणात पहिला शब्द निर्जीव गटात मोडतो, दुसरा सजीव गटात. आदिझूकान हा शब्द कथेला आणि कथेतल्या पात्रालाही लागतो. ज्यांच्याविषयी बोलायचे ते ऐकत असतात, म्हणून बेडूक, साप इत्यादी झोपी गेल्यावर आणि जमिनीवर हिम साचल्यावरच या कथा काढायच्या. हंगाम कॅलेंडरने ठरत नाही. कुठे पहिले हिम मोजतात, कुठे पाणी गोठले की पुरते; शेवट बेडकांच्या पहिल्या ओरडण्याने किंवा पहिल्या गडगडाटाने होतो. व्यवहाराचाही भाग आहे : उन्हाळ्यात मासेमारी, बेरी वेचणे, पुढे जंगली तांदळाची कापणी, अशी कामे असतात, लांब रात्री हिवाळ्यातच मिळतात. श्रावणातल्या शुक्रवारची कहाणी मंगळवारी न सांगणाऱ्या मराठी घराला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

म्हणूनच या नोंदीत एकही आदिझूकान दिलेली नाही; नोंद मे महिन्यातही वाचली जाईल.

निवासी शाळांनी (मूलनिवासी मुलांसाठीच्या सरकार व चर्चच्या वसतिशाळा) कथनाची ही साखळी तोडली. कॅनडात 1990 च्या दशकापर्यंत चाललेल्या या शाळांनी मुलांना आजी-आजोबांपासून हिवाळाभर दूर ठेवले आणि त्यांच्या भाषेवर बंदी घातली. म्हणजे नेमका कथांचाच हंगाम गेला. या शाळांची चौकशी करणाऱ्या कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाच्या 2015 मधील 94 शिफारशींपैकी 62 वी शिफारस बालवाडी ते बारावीच्या अभ्यासक्रमात मूलनिवासी समाजांचा इतिहास व योगदान अनिवार्य करण्याविषयी आहे. त्यामुळे शाळांकडून कथाकारांना मागणी वाढते, पण वेळ चुकते. कॅनडात राष्ट्रीय मूलनिवासी दिन 21 जूनला असतो आणि नेमके तेव्हाच कथाकारांना बोलावणे येते. जाणते लोक जूनमध्ये दिबाजिमोविन सांगतात आणि आदिझूकानसाठी जानेवारीत बोलवा म्हणतात. ध्वनिमुद्रण करून ते उन्हाळ्यात लावणे हाही नियमभंगच.

ज्येष्ठांना विनंती करताना कापडाच्या छोट्या पुरचुंडीत असेमा (तंबाखू) देतात. पुरचुंडी स्वीकारली तर विनंती मान्य. ती विनंतीच्या आधी द्यायची, कार्यक्रम संपल्यावर भेट म्हणून नव्हे. मानधन वेगळे.

निसर्गाच्या पाठात ‘सगळे प्राणी झोपतात’ हे सर्वांत घट्ट बसलेले चुकीचे वाक्य आहे. काळ्या अस्वलाचे (मक्वा) तापमान काही अंशांनीच उतरते. ते महिनोन्‌महिने खात-पीत नाही, मलमूत्र विसर्जन करत नाही, आणि मादी त्याच काळात, साधारण जानेवारीत, पिल्लांना जन्म देते. वन-बेडूक पालापाचोळ्याखाली खरोखर गोठतो : हृदय थांबते, शरीरातील निम्म्याहून अधिक पाण्याचा बर्फ होतो, आणि पेशींना यकृतातून आलेली साखर वाचवते. रंगीत कासव तळ्याच्या तळाशी प्राणवायूविना महिने काढते. साचणारे आम्ल कवचातील खनिजांनी शमते. चिकडी हा चिमणा पक्षी तर झोपून राहतच नाही, फक्त रात्री अंग गार करतो. ही चार उदाहरणे पुरेत. मुलांना विश्रांतीचे चार वेगवेगळे अर्थ त्यातून मिळतात. शाळेच्या आवारातला पालापाचोळा ऑक्टोबरात झाडून काढू नये, हा धडाही वन-बेडकाबरोबर येतोच.

हिम पांघरुणासारखे का, हे तापमापक दाखवतो. हवा उणे 10° से. किंवा खाली असलेली सकाळ निवडावी. हिम वितळत असलेल्या दिवशी फरक दिसत नाही. किमान 30 सेंमी. भुसभुशीत हिमात एक तापमापक जमिनीला टेकेपर्यंत तिरका खुपसावा, दुसरा सावलीत पृष्ठभागावर ठेवावा आणि 15 मिनिटांनी वाचावा. खालचा आकडा शून्याच्या बराच जवळ येतो. मुलांनी तुडवलेल्या जागी प्रयोग फसतो, कारण दबलेल्या हिमातली हवा निघून जाते आणि उष्णता लवकर बाहेर पडते. खड्डा खणून वाचल्यासही थंड हवा आत शिरते. ऊन पाण्याची बाटली पुरण्याचा प्रयोग टाळावा : भोवतीचे हिम वितळून बाटली ओली होते आणि उलट लवकर निवते.

वर्षाच्या 13 चांद्रमासांसाठी कासवाची पाठ वापरतात. मधले 13 मोठे खवले म्हणजे 13 चंद्र, कडेचे 28 म्हणजे प्रत्येकाचे दिवस, अशी शिकवण आहे. चौकस मूल खऱ्या रंगीत कासवाच्या कडेचे खवले मोजते आणि 25 भरतात. शिकवणाऱ्याने तेव्हा गोंधळू नये. 28 ही शिकवणीतली मोजणी आहे, प्राणिशास्त्रातली नाही, एवढे सांगावे.

कलेत भूर्जाची साल चावून नक्षी काढणे या हंगामाला उत्तम जुळते. साल मात्र उन्हाळ्याच्या सुरुवातीला, सहज सुटते तेव्हा, फक्त बाहेरची घ्यायची. आतल्या थरापर्यंत चीर गेली आणि ती खोडाभोवती फिरली तर झाड मरते. एकेक पदर सुटा करून कागदाइतका पातळ करतात, दोन-तीनदा त्रिकोणी घडी घालतात, सुळ्यांनी हलके दाबतात, उलगडून उजेडासमोर धरतात. साल जाड राहिली तर ठसा उमटत नाही, वाळली तर घडीवर तडकते. कोमट पाण्यात थोडी भिजवावी. सुरुवातीला मेणकागद बरा. सहा-सात वर्षांच्या मुलांचे पुढचे दात पडलेले असतात, पण दुधाचे सुळे शाबूत असल्याने अडत नाही. तुकडा ज्याचा त्यानेच चावायचा.

याच वर्गात टोटेम खांब (कोरीव लाकडी खांब) किंवा टिपी (शंकूच्या आकाराचा तंबू) रंगवायला देऊ नये. खांब वायव्य किनाऱ्यावरील समाजांचे, टिपी प्रामुख्याने मैदानी समाजांची; अनिशिनाबे भूर्जसालीच्या विग्वाममध्ये (घुमटाकार घरात) हिवाळा काढत.