वतन : मेंढरांच्या बसण्यापासून सातबाऱ्यापर्यंत

हिंदीत ‘वतन’ म्हणजे मायदेश. मराठीत ‘पाटीलकीचं वतन’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतात जमीन आणि मान. हा फरक कसा पडला, ते पाहायचं तर अरबीपर्यंत जावं लागतं.

अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूंवर उभे असतात. इथे ती आहेत व, त, न. यातला ‘त’ अरबीत जड, घसा आवळून म्हटला जातो. फारसीत तो साधा झाला आणि तसाच आपल्याकडे आला. धातूचा अर्थ वस्ती करणं, ठाण मांडणं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेल्या इब्न मंझूरच्या ‘लिसान अल-अरब’ या कोशात माणूस राहतो ते घर म्हणजे वतन, आणि मेंढरं-गुरं जिथे येऊन बसतात ती जागाही वतनच. जन्माचा या व्याख्येत संबंधच नाही. आजही अरबी जीवशास्त्रात प्राण्याच्या अधिवासाला याच धातूवरून ‘मौतिन’ म्हणतात. ‘राष्ट्र’ हा अर्थ बराच नंतरचा. तो रूढ झाला एकोणिसाव्या शतकात, रिफाआ अल-तहतावीसारखे इजिप्शियन लेखक फ्रेंच राष्ट्रकल्पना अरबीत आणू लागले तेव्हा.

दख्खनेत हा शब्द त्याच्या कितीतरी आधी फारसी कारभारातून मराठीत मुरला होता. भाषाशास्त्रात ज्याला अर्थांतर म्हणतात, ते इथे घडलं. राहण्याची जागा मागे पडली आणि त्या जागेवरचा पिढीजात हक्क तेवढा उरला. हक्क म्हणजे नुसती जमीन नव्हे. पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा जाणार, होळीत पहिली पोळी कुणाची पडणार, हेही वतनात मोडायचं. त्यावरून भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या भांडत. मग गोतसभा, म्हणजे गावच्या आणि वतनदारांच्या प्रमुखांची न्यायसभा, बसायची, साक्षीपुरावे व्हायचे, निवाड्याचा महजर, म्हणजे निकालाचा कागद, लिहिला जायचा. मराठ्यांच्या इतिहासाचे कितीतरी तपशील या तंट्यांच्या कागदांमुळेच टिकले आहेत.

पण जन्माने मान मिळतो, तशी वेठही मिळते, आणि या शब्दाची ही बाजू मला सर्वांत जाचक वाटते. महार वतनात थोडीशी जमीन आणि बलुतं मिळे; त्या बदल्यात सरकारी निरोप पोचवणं, सीमा राखणं अशी कामं दिवसरात्र कधीही अंगावर येत. इंग्रजांनी १८७४च्या कायद्याने वतनांना चौकट घातली. ती बदलण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा मात्र १९५८चा, म्हणजे त्यांच्या निधनानंतरचा.

वतन गेलं तरी त्याची नोंद कागदावर राहिली. महार वतनाच्या जमिनींच्या सातबाऱ्यावर ‘इनाम वर्ग ६-ब’ असा शेरा आजही आढळतो.