बर्बर मुलखाचं अरबीकरण

लिबियापासून मोरोक्कोपर्यंतच्या पट्ट्याला अरब लोक मगरिब म्हणतात, म्हणजे मावळतीकडचा मुलुख. इथले मूळ लोक बर्बर, ते स्वतःला अमाझिग म्हणवतात. आज तिथे बहुतेक जण अरबी बोलतात, त्यामुळे सातव्या शतकात अरब आले आणि एका झटक्यात सगळं बदललं असं वाटतं, पण तसं झालेलं नाही.

६७० मध्ये अरब सेनापती उक्बा इब्न नाफीने आजच्या ट्युनिशियात कैरुआन वसवलं, ती मुळात लष्करी छावणी. बर्बरांनी जोरदार टक्कर दिली, बर्बर सरदार कुसैलाच्या लोकांनी ६८३ मध्ये खुद्द उक्बालाच मारलं आणि पुढे ओरेसच्या डोंगरात काहिना ही बर्बर राणी लढली. तरी इस्लाम धर्म भराभर पसरला, ७११ मध्ये स्पेनवर चालून गेलेल्या तारिक इब्न झियादच्या फौजेत बहुतेक बर्बरच होते. पण मुसलमान होऊनही त्यांना दुय्यम वागणूक मिळायची, वर करही लादलेले, म्हणून ७४० मध्ये टँजियरकडे मोठा उठाव झाला, तोही इस्लाममधल्याच खारिजी पंथाच्या झेंड्याखाली. धर्म घेतला पण अरबांचं राज्य नको, हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

अरबी भाषा मात्र मागेच राहिली कारण अरब थोडे आणि तेही शहरांत. खेड्यापाड्यांत अरबी नेली ती ११व्या शतकात बनू हिलाल या भटक्या टोळ्यांनी, बायकापोरं, उंट, मेंढ्या सगळं घेऊन इजिप्तकडून आलेले हे लोक. १०५२ मध्ये हैदरानच्या लढाईत त्यांनी तिथल्या झिरी या बर्बर घराण्याच्या राजाला हरवलं आणि १०५७ मध्ये कैरुआन लुटलं. १४व्या शतकातला इतिहासकार इब्न खल्दूनने त्यांना टोळधाड म्हटलंय, नंतरच्या बऱ्याच इतिहासकारांना ते अती वाटतं. ते मैदानात बर्बर धनगरांच्या शेजारीच राहिले, सोयरिकी झाल्या, पोरं अरबी बोलू लागली. अजूनही फरक कानाला कळतो, ‘तो म्हणाला’ला मोरोक्कोतल्या फेससारख्या जुन्या शहरांत ‘काल’ किंवा नुसतंच ‘आल’ म्हणत आलेत, हिलाली बोलीत ‘गाल’.

मोरोक्कोतल्या रीफ, अॅटलस आणि अल्जेरियातल्या काबिलियाच्या डोंगरांत बर्बर भाषा टिकल्या, पण काबिलियाचा माणूस एक-दोन आपल्या भाषेत मोजतो आणि तीनपासून सहसा अरबी शब्द घेतो. बर्बर भाषेला मोरोक्कोने २०११ मध्ये आणि अल्जेरियाने २०१६ मध्ये ऑफिशियल दर्जा दिला.