शाळेतल्या मावशी, क्लार्क, लॅब असिस्टंट यांनी लैंगिक छळाची तक्रार कुठे आणि कशी करायची

"मी तर कंत्राटावर, माझं कोण ऐकणार" हे शाळेतल्या मावशी नाहीतर स्कूलबसमधल्या ताई हमखास म्हणतात. तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात रोजंदारी, कंत्राटी, एजन्सीकडून आलेल्या, ट्रेनी, अगदी बिनपगारी काम करणाऱ्या बायकासुद्धा कर्मचारीच धरल्यात, त्यामुळे अपॉइंटमेंट लेटर नाही म्हणून कोणी परत पाठवत असेल तर ऐकू नका.

10 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, म्हणजे अशा तक्रारी ऐकणारी तिथलीच समिती, असायलाच हवी, अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी बायका आणि एक मेंबर बाहेरचा. नाही नेमली तर 50 हजारापर्यंत दंड आहे. स्टाफ 10 पेक्षा कमी असेल किंवा तक्रार खुद्द संस्थाचालकावरच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं, त्याच्याच शाळेतल्या समितीसमोर बसून काय होणार. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरून तक्रार ऑनलाइनही करता येते.

मुदत शेवटच्या घटनेपासून 3 महिने, कारण पटलं तर समिती अजून 3 महिने देऊ शकते. अर्ज लेखी, 6 प्रती, सोबत साक्षीदारांची नावं-पत्ते आणि असतील ते पुरावे, म्हणजे व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट, कॉल डिटेल, त्या दिवशी ड्युटी कुठे होती ते दाखवणारं काही. काय झालं ते तारखेनिशी लिहा, भाषा साधी असली तरी चालते, आणि लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. आपल्या कॉपीवर तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका, नंतर "अर्ज मिळालाच नाही" हे उत्तर ठरलेलंच असतं.

अर्ज आल्यावर 7 कामाच्या दिवसात समोरच्याला कॉपी जाते, त्याने 10 कामाच्या दिवसात उत्तर द्यायचं, चौकशी 90 दिवसात संपवायची. तोवर बदली किंवा 3 महिन्यांपर्यंत रजा लेखी मागता येते, ही रजा तुमच्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. वकील कोणालाच आणता येत नाही. समेट हवा असेल तर तो फक्त बाईने मागितला तरच आणि पैसे घेऊन तर नाहीच, त्यामुळे "20 हजार घे आणि मिटव" म्हणणाऱ्या ट्रस्टीला सरळ नाही सांगा. आरोप सिद्ध नाही झाला म्हणजे तक्रार खोटी असं होत नाही, तेवढ्यावरून तुमच्यावर कारवाई करता येत नाही. निकाल पटला नाही तर 90 दिवसात अपील.