नळदुर्गच्या पुलापासून थिएटर कमांडपर्यंत

सोलापूरहून हैदराबादकडे निघाले की नळदुर्गला बोरी नदी लागते. 13 सप्टेंबर 1948 रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालचे भारतीय सैन्य निजामाच्या हैदराबाद संस्थानाविरुद्ध याच रस्त्याने निघाले आणि तिथला पूल त्यांनी शाबूत ताब्यात घेतला. दुसऱ्या दिवशी उमरग्याच्या पुढे, राजेश्वरच्या वाटेवर, निजामाच्या सैन्याने दबा धरल्याचे हवाई टेहळणीत दिसले, तेव्हा टेम्पेस्ट विमाने बोलावून आधी ती मोर्चेबंदी मोडण्यात आली. लष्कर आणि हवाईदलाचा मेळ उत्तम बसला. अर्थात मोहीम पाच दिवसांत संपली आणि समोर हवाईदल नव्हते.

हेच चौधरी 1965 मध्ये लष्करप्रमुख होते. 1 सप्टेंबरला जम्मूच्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, पण हवाईदल मदतीला पोहोचले ते संध्याकाळी, आणि त्या हल्ल्यात आपल्याच काही तुकड्याही सापडल्या. नौदल त्या युद्धात जवळपास बाजूलाच राहिले. माझ्या मते यात माणसांपेक्षा रचनेचा दोष मोठा होता, कारण तिन्ही दलप्रमुखांच्या समितीत सगळे बरोबरीचे असत आणि आपले दल सांभाळून अध्यक्षपद भूषवणाऱ्या ज्येष्ठ प्रमुखाला इतर दोन दलांना आदेश देता येत नसे. 1971 मध्ये समन्वय कितीतरी सुधारला, रचना मात्र तीच राहिली.

कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल आला आणि 2001 मध्ये मंत्रिगटाने तिन्ही दलांत समन्वय साधणाऱ्या संरक्षण दलप्रमुखाच्या (सीडीएस) पदाची शिफारस केली. त्याच वर्षी अंदमान-निकोबारला तिन्ही दलांची पहिली संयुक्त कमांड उभी राहिली. पद भरायला मात्र जानेवारी 2020 उजाडला आणि जनरल बिपिन रावत पहिले संरक्षण दलप्रमुख झाले. इतका उशीर परवडणारा नव्हता.

आजही तिन्ही दलांच्या मिळून 17 स्वतंत्र कमांड आहेत. आपल्या बाजूचेच पाहा: लष्कराचे दक्षिण मुख्यालय पुण्याला, नौदलाचे पश्चिम मुख्यालय मुंबईला आणि हवाईदलाचे नैऋत्य मुख्यालय गांधीनगरला. तिन्ही दलांच्या संयुक्त संस्थेच्या प्रमुखाला हाताखालच्या इतर दलांतील जवानांवर शिस्तभंगाची कारवाई करण्याचा अधिकारही 2023 च्या कायद्याने मिळाला, जो मे 2024 पासून लागू झाला. तोपर्यंत असा जवान कारवाईसाठी मूळ दलाकडे परत पाठवावा लागे. थिएटर कमांडबाबत, म्हणजे एका प्रदेशातली तिन्ही दले एकाच सेनापतीच्या हाताखाली आणण्याबाबत, हवाईदलाचा आक्षेप मात्र गंभीर आहे: लढाऊ विमानांच्या मंजूर 42 स्क्वाड्रनपेक्षा (तुकड्यांपेक्षा) बऱ्याच कमी हाताशी असताना त्या कमांडनिहाय वाटल्या, तर गरज पडेल तिथे त्या वेळेत कशा वळवायच्या?