लाइम रोग: छातीतलं दुखणं आणि गाठींची ठसठस

लाइम रोग म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा जिवाणूंचा संसर्ग. त्यावरची औषधं संपून महिने उलटतात, तरी छातीत मधूनच चमक भरते, मानेतल्या आणि काखेतल्या गाठी ठसठसतात, आणि रिपोर्ट मात्र सगळे ठीक येतात. अशा रुग्णाला दोन टोकांचे सल्ले ऐकावे लागतात. एक म्हणतो, काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत. दुसरा म्हणतो, अंगात विष साठलंय, ते बाहेर काढा. पहिला सल्ला क्रूर आहे, दुसरा खिसा रिकामा करणारा. दुखणं खरं असतं, पण छातीत दुखायला जागा अनेक आहेत आणि प्रत्येक जागेचा उतारा वेगळा.

सगळ्यात आधी हृदय बघायचं. गोचिडीच्या चाव्यातून शिरलेला बोरेलिया जिवाणू क्वचित हृदयात पोचतो आणि वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विद्युतसंदेश अडवतो. नोंद झालेल्या रुग्णांपैकी साधारण १ टक्क्याला हे होतं, तेही बहुधा संसर्गाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा महिन्यांत. प्रमाण कमी म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही: नोव्हेंबर २०१२ ते जुलै २०१३ या काळात अमेरिकेत तिघांचा अचानक मृत्यू झाला आणि कारण निघालं लाइमचा हृदयदाह. साध्या ईसीजीत हा अडथळा दिसतो आणि प्रतिजैविकांनी तो बहुतेकांचा काही दिवसांत किंवा आठवड्यांत सुटतो. काहींना तेवढ्यापुरता पेसमेकर लावावा लागतो. त्यामुळे छातीवर दाब, घाम, धाप, भोवळ, फार मंद नाडी, हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी कळ, यातलं काहीही असेल तर शेक घेत घरी थांबू नये. सरळ रुग्णालय गाठावं.

हृदय ठीक आहे हे डॉक्टरांनी सांगितलं की मग बरगड्यांकडे वळता येतं. छातीच्या मधल्या हाडाला बरगड्या जिथे कूर्चेनं, म्हणजे लवचीक मऊ हाडानं, जोडल्या आहेत, तिथे एका बोटानं हलकेच दाबत खाली यावं. एखाद्या सांध्यावर बोट टेकताच ‘हेच ते’ असं नेमकं दुखणं उमटलं, आणि कूस बदलताना किंवा शिंकताना तीच कळ येत असली, तर सूज त्या कूर्चेत असण्याची शक्यता मोठी. कोमट शेक, काही दिवस वजन उचलणं बंद आणि डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल किंवा सूज उतरवणारी गोळी किंवा जेल, एवढ्यानं बऱ्याच जणांना उतार पडतो. दुखतं म्हणून वरवर श्वास घेत राहणं मात्र टाळावं. त्यानं छातीचे स्नायू आखडतात आणि दुखणं लांबतं.

मज्जातंतूंचं दुखणं ओळखू येतं ते त्याच्या तऱ्हेवरून. पाठीपासून बरगड्यांच्या कडेनं पुढे पट्ट्यासारखी आग होते, रात्री वाढते, अंगातल्या कपड्याचा स्पर्शही नकोसा होतो आणि नेहमीच्या वेदनाशामकाला ती दाद देत नाही. पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या मुळांना लाइममध्ये सूज येते, तेव्हा असं होतं. युरोपातल्या रुग्णांत हे जास्त दिसतं. संसर्गावर उपचार झालेलेच नसतील तर योग्य प्रतिजैविक हाच उत्तम वेदनाशामक. उपचारांनंतरही आग उरली, तर अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन किंवा ड्युलोक्सेटिनसारखी मज्जातंतूंवरची औषधं डॉक्टर सुचवू शकतात.

आता गाठी. लसीकाग्रंथी म्हणजे प्रतिकारपेशींच्या छावण्या. संसर्गात तिथे पेशी भराभर वाढतात, ग्रंथीवरचं आवरण ताणलं जातं आणि ती दुखते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, म्हणजे तिथली गाठ सुजते, ते यामुळेच. उंदरांवरच्या प्रयोगांत एक चमत्कारिक गोष्ट दिसली आहे. बोरेलिया थेट या ग्रंथींत शिरतो, त्या फुगतात, पण टिकाऊ प्रतिकारशक्ती घडवणारी त्यांतली केंद्रं अल्पावधीत मोडून पडतात. म्हणून सुजलेली गाठ हा ‘तुंबलेल्या विषाचा’ पुरावा मानणं चूक आहे.

लसीका म्हणजे या ग्रंथींमधून वाहणारा पातळ द्रव. तिला हृदयासारखा मध्यवर्ती पंप नसतो. वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन, एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा, हालणारे स्नायू आणि श्वास यांच्या जोरावर ती पुढे सरकते. पोट फुगवून सावकाश श्वास घेतला की श्वासपटल खाली जातं, छातीतला दाब उतरतो, पोटातला वाढतो आणि लसीका वर ओढली जाते. शेवटी तिचा मोठा भाग मानेच्या पायथ्याशी डाव्या बाजूच्या शिरेत, म्हणजे रक्तातच, परत मिसळतो. सावकाश श्वसन आणि हलकं चालणं मी मनापासून सुचवेन: धोका नगण्य, आणि आखडलेली छातीही मोकळी होते. हलक्या हातानं करायच्या लसीका-मालिशचा उपयोग हातापायांवरच्या लसीकासुजेत होतो. लाइमच्या छातीदुखीसाठी मात्र तिला तसा आधार नाही, आणि ताप, रक्ताची गुठळी किंवा हृदयाचा अशक्तपणा असेल तर ती करूच नये. गाठ दाबून, चोळून जिरवायचा प्रयत्न तर अजिबात नको. गाठ टणक असेल, वाढत असेल, काही आठवड्यांत उतरली नसेल किंवा सोबत रात्री घाम येऊन वजन घटत असेल, तर तिची स्वतंत्र तपासणी हवी; सगळं लाइमच्या माथी मारू नये.

योग्य उपचारांनंतरही साधारण ५ ते १० टक्के रुग्णांना थकवा, वेदना आणि विचारांतला मंदपणा सहा महिन्यांहून अधिक काळ छळतो. म्हणून महिनोन्‌महिने प्रतिजैविकं घेण्याचा मोह होतो. नेदरलँड्समध्ये २८० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आणखी १२ आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी काही जास्तीचा फायदा झाला नाही. उलट दीर्घकाळ शिरेत ठेवलेल्या नळीतून जंतुसंसर्ग होऊन माणसं दगावलेली आहेत.

या टप्प्यावर वेदना वाहणारी यंत्रणाच हळवी झालेली असू शकते. झोप सुधारणं इथे औषधाइतकंच महत्त्वाचं, आणि हालचाल वाढवायची ती दुसऱ्या दिवशीचं शरीर काय म्हणतं ते पाहून. आज बरं वाटलं म्हणून दुप्पट चाललं आणि उद्या अंथरुण धरलं, तर चालणं पुन्हा आधीच्या मापावर आणावं आणि आठवडाभर तिथेच ठेवावं.