‘छान आहे’ म्हणणाऱ्या माणसाला पुढे काय विचारायचं?
मुलाखती आणि सर्वेक्षणाच्या आमच्या कामाबद्दल ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बडोद्यात कुणाकडे जेवायला गेलं आणि घरच्या बाईंनी "आमटी कशी झालीय?" असं विचारलं, तर आपण काय म्हणतो? छान. मीठ जरा जास्त असलं तरी छानच. समोरच्याचं मन राखणं ही आपली रीत आहे आणि ती चांगली रीत आहे. पण तुमच्या दवाखान्यात, शिकवणीत, खाणावळीत किंवा पतपेढीत ठेवलेल्या अभिप्रायाच्या वहीतही लोक हीच रीत पाळतात. वहीभर ‘सेवा उत्तम’ लिहिलेलं असतं, आणि तरीही जुनी माणसं एकेक करून येईनाशी होतात.

हे कोडं घेऊनच बहुतेक ग्राहक आमच्याकडे येतात. आम्ही ते कसं सोडवायला बसतो, त्याला वेळ का लागतो आणि कोणत्या गोष्टी आम्ही करत नाही, ते इथे लिहिलं आहे. काम द्यायचं की नाही हे ठरवण्याआधी एकदा वाचावं, ही विनंती.

आधी मुलाखती, मग सर्वेक्षण

पुष्कळजण येताना फॉर्म तयार करूनच आणतात. "हे वीस प्रश्न, पाचशे लोकांकडून भरून आणा." आम्ही जरा थांबायला सांगतो. सर्वेक्षण मोजण्यासाठी असतं. एखादी गोष्ट किती जणांना खटकते, तरुणांना जास्त की म्हाताऱ्यांना, हे त्यातून कळतं. पण खटकतं ते नेमकं काय, हे आधी हाती लागायला हवं. नाहीतर आपल्याला घरबसल्या सुचलेल्या गोष्टीच आपण मोजत राहतो. खटकतं काय आणि का, हे मुलाखतीतच सापडतं.

एका दवाखान्याच्या फॉर्ममध्ये फी, स्वच्छता, औषधं आणि डॉक्टरांचं वागणं यांवर प्रश्न होते. आम्ही तो बाजूला ठेवून आधी काही रुग्णांच्या घरी गेलो. एक आजी पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, "डॉक्टर देवमाणूस आहे." फॉर्म असता तर तिथेच पाचपैकी पाच गुण पडून विषय संपला असता. आम्ही म्हटलं, "आजी, शेवटचं गेलात तो दिवस सांगा की, घरातून निघाल्यापासून." मग एकेक गोष्ट बाहेर आली. सकाळी सातला नातवाला वहीत नाव लिहायला पाठवलं होतं. नऊला स्वतः जाऊन बसल्या. नंबर कधी येईल हे कुणी सांगेना. मध्येच उठून गेलं तर नंबर जाईल, म्हणून बाथरूमला जायची वेळ येऊ नये यासाठी त्यांनी सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं. मधुमेहाच्या रुग्ण, उन्हाळ्याचे दिवस. पुढच्या मुलाखतींतही वाट पाहण्याची हीच धास्ती वेगवेगळ्या शब्दांत ऐकू आली. नंतरच्या सर्वेक्षणात आम्ही एक प्रश्न घातला: ‘तुमचा नंबर साधारण कधी येईल, हे तुम्हाला कुणी सांगितलं का?’ मूळच्या फॉर्ममध्ये तो नव्हता, आणि असणार तरी कसा?

मुलाखत म्हणजे काय करतो

साधारण पाऊण तासाची बैठक. शक्यतो त्या माणसाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी. तुमच्या ऑफिसात, तुमच्या खुर्चीसमोर कधीच नाही. ज्याच्याकडून सेवा घ्यायची त्याच्याच जागेत बसून त्याच्याबद्दल खरं बोलणं अवघड असतं.

मत विचारण्याआधी आम्ही घडलेली गोष्ट विचारतो. ‘आमची सेवा कशी वाटते?’ याला ‘छान’ हे उत्तर तयार असतं. ‘मागच्या खेपेला काय काय झालं?’ याला तयार उत्तर नसतं, आठवावं लागतं. ही पद्धत आमची नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांबरोबर काम करताना ती घडवली आणि १९५४ साली सविस्तर मांडली. विमान चालवताना प्रत्यक्ष घडलेले, निर्णायक ठरलेले प्रसंग सांगायला लावायचे आणि त्यांतून शिकायचं, असा तिचा गाभा. वैमानिकांच्या जागी शिकवणीचे पालक असले तरी ती तितकीच लागू पडते, असा आमचा अनुभव आहे.

दुसरं म्हणजे, आम्ही गप्प बसतो. माणूस उत्तर देऊन थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. महत्त्वाचं वाक्य पुष्कळदा त्या थांबण्यानंतर येतं, आणि त्याची सुरुवात ‘म्हणजे तसं काही नाही, पण...’ अशी होते. नव्या मुलामुलींना हे गप्प बसणं शिकवायलाच आम्हाला सगळ्यात जास्त दिवस लागतात.

मुलाखती किती घ्यायच्या? घाना आणि नायजेरियात घेतलेल्या साठ मुलाखती तपासून २००६ साली संशोधकांनी दाखवलं की पहिल्या बारांतच बहुतेक मुद्दे येऊन गेले होते. आम्हीही बारापासून सुरुवात करतो. पण हा आकडा एकसारख्या परिस्थितीतल्या माणसांसाठी आहे. शाळेसाठी काम करताना पालक, विद्यार्थी आणि शिक्षक हे तीन वेगळे गट, तिघांच्या वेगळ्या मुलाखती. ‘सगळे मिळून बारा’ असा हिशोब आम्ही मान्य करत नाही.

कोणत्या भाषेत विचारायचं

आपल्या शहरात हा प्रश्न वरवरचा नाही. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या कितीतरी घरांत मराठी बोलतात, दुकानात गुजराती, आणि परगावचा माणूस भेटला की हिंदी. तिन्ही भाषा येतात म्हणून तिन्हींत सारखंच मोकळं होता येतं असं नाही. कौतुक बाजारच्या भाषेत होऊन जातं, दुखणं मात्र घरच्या भाषेत सांगावंसं वाटतं. म्हणून भाषा निवडायची ती उत्तर देणाऱ्याने.

प्रश्नावली मराठी आणि गुजराती दोन्हींत लागते, तेव्हा शब्दाला शब्द ठेवून चालत नाही. गुजरातीत ‘नवरा छो?’ म्हणजे ‘तुम्हाला आत्ता सवड आहे का?’ नुकतीच बडोद्यात आलेली मराठी सून हे ऐकून काय समजेल, ते सांगायला नको. म्हणून एकाने मराठीतून गुजरातीत नेलेला प्रश्न दुसऱ्याने मूळ न बघता परत मराठीत आणायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. त्यात दोन दिवस जातात. ते आमच्या कोटेशनमध्ये वेगळे दिसतात; कृपया ते कापायला सांगू नका.

प्रश्नातला एक शब्द

१९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या फिती दाखवल्या आणि वेग किती होता ते विचारलं. ज्यांना ‘गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा’ अशा अर्थाचा जोरकस शब्द वापरून विचारलं, त्यांनी सरासरी ताशी ४० मैलांहून थोडा जास्त सांगितला. ‘एकमेकींना लागल्या तेव्हा’ असा सौम्य शब्द होता, त्यांनी ३१.८. फिती त्याच होत्या, प्रश्नातलं फक्त क्रियापद बदललं होतं.

म्हणून तुम्ही दिलेले प्रश्न आम्ही बदलले तर राग मानू नका. ‘आमची जलद आणि नम्र सेवा तुम्हाला आवडली का?’ या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत आणि उत्तरही आधीच भरवलेलं आहे. सेवा जलद पण उर्मट असेल, तर माणसाने खूण कुठे करायची? ‘गेल्या वर्षभरात किती वेळा आलात?’ हेही टाळतो, कारण वर्षाचा हिशोब कुणाच्या डोक्यात नसतो. गेल्या महिन्याचा असतो.

‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशी पाच पायऱ्यांची पट्टी तुम्ही पाहिली असेल. रेन्सिस लायकर्ट यांनी ती १९३२ साली मांडली. आम्ही ती वापरतो, पण जपून. कुणाला दुखवायचं नसलं की आपल्याकडची माणसं मधल्या नाहीतर चौथ्या पायरीवर जाऊन बसतात.

किती लोकांना विचारायचं आणि कोणाला

यावर ग्राहकांशी आमची सगळ्यात जास्त चर्चा होते, म्हणून जरा सविस्तर.

१९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यांवरून त्यांनी रिपब्लिकन उमेदवार आल्फ लँडन जिंकतील असं छापलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते ते टेलिफोन आणि मोटार असलेल्यांच्या याद्यांतून, म्हणजे मंदीच्या काळातल्या बऱ्यापैकी सुस्थितीतल्या लोकांचे. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे लोक न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी कमी माणसांना विचारून निकाल बरोबर सांगितला होता.

व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली की शंभर उत्तरं रात्रीत येतात हे खरं आहे. पण ती कोणाची? फार खूश असलेल्यांची, फार चिडलेल्यांची आणि ग्रुपवर सतत असणाऱ्यांची. तुमच्याकडे येणं सोडून दिलेला माणूस त्या ग्रुपवर नसतोच, आणि तुम्हाला ऐकायचं असतं ते नेमकं त्याचं.

म्हणून आम्ही तुमच्या रजिस्टरमधून नावं काढतो. पहिलं नाव चिठ्ठी टाकून, मग ठरावीक अंतराने पुढची. ज्याचं नाव निघालं त्यालाच गाठायचं, वेगवेगळ्या वेळी तीनदा प्रयत्न करायचा, आणि तो भेटला नाही म्हणून शेजाऱ्याकडून फॉर्म भरून घ्यायचा नाही. अशी निवड केली आणि निघालेल्यांपैकी बहुतेकांनी उत्तरं दिली, तर १०० जणांच्या उत्तरांत साधारण १० टक्के इकडे-तिकडे धरावं लागतं आणि ४०० जणांच्या उत्तरांत ५ टक्के. म्हणजे चूक निम्मी करायला माणसं चौपट लागतात. छोट्या दुकानाला ४०० ची गरज सहसा नसते, आणि तसं आम्ही स्पष्ट सांगतो.

संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी मोठ्या पाहण्यांसाठी एक युक्ती रुजवली होती: एकाच भागातले दोन स्वतंत्र नमुने दोन वेगळ्या तुकड्यांकडे द्यायचे आणि निकाल ताडून बघायचे. आमच्या लहानशा कामातही यादीचे दोन भाग चिठ्ठ्या टाकून करतो आणि दोन सर्वेक्षकांना देतो. दोघांचे आकडे फारच वेगळे आले, तर फरक लोकांत नसून विचारण्यात असण्याची शक्यता जास्त. मग आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा विचारतो.

सगळ्या यादीकडे जाण्याआधी दहा-पंधरा जणांवर फॉर्मची चाचणी होतेच. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची सुरुवात १८९३ मध्ये अमरेली भागात करून पाहिली आणि १९०६ मध्ये ती सगळ्या संस्थानाला लागू केली. राज्य हाती असलेला राजा जर आधी एका भागात करून बघतो, तर आपणही आठवडाभर थांबायला हरकत नसावी.

सांगितलेलं कोणाचं

मुलाखत देणाऱ्याचं नाव, फोन नंबर आणि ध्वनिमुद्रण तुम्हाला मिळणार नाही. काम तुम्ही दिलेलं असलं, पैसे तुमचे असले तरी नाही. ‘हे कोण बोललं, तेवढं कानात सांगा’ असा आग्रह होतो. आम्ही तो कधीच मानलेला नाही आणि मानणार नाही, कारण त्या माणसाने शब्द आमच्या भरवशावर दिलेला असतो. विशेषतः नोकरांच्या मुलाखती असतील तर अहवालातली वाक्यंही आम्ही अशी देतो की बोलणारा ओळखू येऊ नये. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानेही संमती ही स्पष्ट, समजून दिलेली आणि मागे घेता येणारी असावी असं म्हटलं आहे. आम्ही ती दोनदा विचारतो, बोलण्याआधी आणि बोलून झाल्यावर. सगळं बोलून झाल्यावरच माणसाला कळतं की आपण काय बोललो.

टिपणं दोन वेगळ्या ठिकाणी, कुलपात. यामागे आपल्या गावाशी नातं असलेली एक गोष्ट आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५१ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्र विभाग उभा केला. त्याआधी १९४८ मध्ये म्हैसूर भागातल्या एका खेड्यात राहून त्यांनी लोकांचं जगणं टिपून घेतलं होतं. त्यावर वर्षानुवर्षं काम करून तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डला लावलेल्या एका आगीत जळाल्या, कारण तिन्ही एकाच खोलीत होत्या. पुढे त्यांनी मुख्यतः आठवणींच्या आधाराने त्या गावावर पुस्तक लिहिलं. ते त्यांना जमलं. आमच्याकडे तशी स्मरणशक्ती नाही, म्हणून कुलपं दोन.

वेळ आणि तयारी

मध्यम कामाला सहा आठवडे लागतात. नवरात्राच्या नऊ रात्री, दिवाळी आणि उत्तरायणाचे दोन दिवस आम्ही फोन करत नाही. जागरणानंतर सकाळी उचललेल्या फोनवर मिळणारं उत्तर तुमच्या सेवेबद्दल नसतं. जाहिरातीत छापायला ‘९८ टक्के समाधानी’ असा आकडा हवा असेल, तर ते काम आम्ही घेत नाही.

पहिल्या भेटीला येताना गेल्या दोन वर्षांचं रजिस्टर आणा, येणं बंद केलेल्यांची नावं न खोडता. सोबत एका कागदावर लिहा की लोक काय सांगतील असं तुम्हाला वाटतं. तो कागद पाकिटात घालून बंद करून आमच्याकडे ठेवायचा. अहवाल हाती आला की आपण तो एकत्र बसून उघडू.