चोपण जमीन आणि धुतलेले बूट

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा तो व्हिडिओ पुन्हा फिरत आला. बुटांवर खायचा सोडा भुरभुरायचा, वर व्हिनेगर ओतायचं, फसफसलं की बूट मशीनमध्ये टाकायचे. खाली टीप: 'केमिकलशिवाय चकाचक'. ही दोन्ही केमिकलंच आहेत, ते एक सोडा. पण आम्ल आणि अल्कली एकत्र आले की एकमेकांचा निकाल लावतात, हे आपण शाळेत घोकलंय. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, उरतं सोडियम ॲसिटेट नावाचं मीठ आणि पाणी. तमाशा छान, धुणं शून्य.

मी मात्र कुणाचाही व्हिडिओ न बघता, स्वतःच्या अकलेने बूट खराब केले. श्रावणातल्या संकष्टीला आमचा कंपू हडपसरहून थेऊरला चालत जातो (माझी भक्ती परतल्यावरच्या साबुदाण्याच्या खिचडीवर). यंदा एकाने उसाच्या बांधावरून जवळची वाट काढली. दहा पावलांत प्रत्येक बुटाला किलोभर काळी माती. घरी येऊन तसेच बूट मशीनमध्ये टाकले, गरम पाणी लावलं, पिळणं १००० फेऱ्यांवर. मशीन धाडधाड नाचत बाथरूमच्या दारापर्यंत आलं. बूट काढले तर चिखल जाळीदार कापडात मुरलेला, आणि उजव्या बुटाचा तळ पुढून जबडा वासून बसलेला.

जबड्याचं कारण सोपं आहे. तळ चिकटवणारे बरेचसे गोंद कारखान्यात उष्णतेनेच मऊ करून चिकटवलेले असतात. घरी पुन्हा उष्णता दिली की ते पुन्हा मऊ पडतात. नाचण्याचं कारण हिशेबाने कळतं. ड्रमची त्रिज्या पाव मीटर धरली तर मिनिटाला १००० फेऱ्यांना गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २८० पट ओढ तयार होते. ४०० ग्रॅमचा ओला बूट ड्रमच्या भिंतीवर ११२ किलोच्या वजनाएवढा दाबला जातो, तोही एकाच बाजूला. हा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणून ४०० फेऱ्यांवर तो १८ किलोवर येतो.

पण माझा जीव अडकला तो चिखलात. गरम पाणी, पावडर, एवढी आदळआपट, तरी तो निघाला का नाही?

साबण आपल्याला तेलाच्या डागावरून शिकवलेला असतो: एक टोक तेलात, एक पाण्यात. चिखलात तेल नसतंच. आपली काळी माती म्हणजे दख्खनच्या बेसाल्टचा झिजून झालेला भुगा, आणि तिच्यात भरपूर असतं ते माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज. त्याची रचना खारी बिस्किटासारखी: पापुद्र्यावर पापुद्रा, एकेक सुमारे एक नॅनोमीटर जाडीचा. एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे उलगडून पसरले तर ७५० चौरस मीटर, म्हणजे नऊ बॅडमिंटन कोर्टं भरतील! पाणी या पापुद्र्यांमध्ये शिरतं, माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जातं आणि रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

खरी मेख विद्युतभाराची. पापुद्र्यातल्या काही ॲल्युमिनियमच्या जागा मॅग्नेशियमने घेतलेल्या असतात. ॲल्युमिनियमवर तीन धन भार, मॅग्नेशियमवर दोन. त्यामुळे पापुद्रा ऋण भारित राहतो. बुटाचं पॉलिएस्टरही पाण्यात ऋणच होतं. ऋण-ऋण एकमेकांना ढकलणार, माती आपोआप सुटायला हवी. सुटत नाही, कारण मध्ये कॅल्शियम असतो. त्याचे दोन धन भार म्हणजे दोन हात: एकाने पापुद्रा धरतो, दुसऱ्याने धागा किंवा शेजारचा पापुद्रा. आमच्याकडे पावसाळ्यातही बोअरच्या पाण्याचा टँकर येतो. ज्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, त्यात कॅल्शियमला काय तोटा! सोडियमला मात्र एकच हात, आणि तोही पाण्याच्या रेणूंनी वेढलेला. कॅल्शियमच्या जागी सोडियम बसला की पूल तुटतो, पापुद्रे सुटे होऊन पाण्यात तरंगत राहतात.

शेतकऱ्याला हे पाठ आहे, फक्त तो याला शिव्या घालतो. उसाला पाणी देऊन देऊन सोडियम साठलेल्या जमिनीला तो 'चोपण' म्हणतो: माती विस्कटते, पाणी मुरत नाही. उपाय म्हणून तो जिप्सम, म्हणजे कॅल्शियमच टाकतो. बूट धुताना आपल्याला नेमकी उलटी करामत हवी असते, बुटावरची माती चोपण करायची.

काचेच्या दोन पेल्यांत बोअरचं पाणी आणि चमचाभर ती माती घेतली. एकात चिमूटभर धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट. संध्याकाळपर्यंत साध्या पेल्यातलं पाणी वरून निवळलं. सोड्याचा पेला दुसऱ्या दिवशीही गढूळ चहासारखा होता. (मूठभर सोडा टाकाल तर माती पुन्हा तळाशी बसेल. पाण्यात क्षार फार झाले की पापुद्र्यांमधली ढकलाढकलच झाकली जाते.) कपड्यांच्या पावडरीत हा सोडा असतो, काहींत कॅल्शियम धरून सोडियम सोडणारं झिओलाइटही. माझ्या पावडरीची ताकद बहुधा टँकरच्या पाण्यातला आणि दोन किलो चिखलातला कॅल्शियम धरण्यातच संपली असणार.

म्हणून आता आधी चिखल खडखडीत वाळू देतो. वाळताना तो आकसून तडकतो, बूट एकमेकांवर आपटले की ढेकळं पडतात, उरलेलं कोरड्या ब्रशने. ओला घासला की तो आत जातो. मग नाड्या आणि आतला गादीवजा तळवा काढायचा, बूट उशीच्या अभ्र्यात घालून गाठ मारायची, सोबत दोन जुने टॉवेल. थंड पाणी, बेताची पावडर, पिळणं ४०० वर. चामड्याचे बूट यात घालू नयेत.

वाळवायला आत रद्दी कोंबून सावलीत, पंख्याखाली, तोंड खाली करून तिरके ठेवतो. आमच्या शेजारच्या काकू ते बघून दारातच थबकल्या. "अहो, उलटं पायताण? घरात भांडणं होतील!" काकू, भांडण झालंच होतं, मशीन बाथरूमच्या दारात आलं त्या दिवशी, आणि तेव्हा बूट सुलटेच होते.

आणि हो, ते धुण्याचं पाणी बायको कुंडीत ओतायला निघाली होती. तिला थांबवलं. कुंडीतही तीच काळी माती आहे.